जुना कॉम्प्युटर घेताय? कोडिंग आणि गेमिंगसाठी काय बघावं, हेदवीकरांनी काय टाळावं

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरात एक विषय हमखास निघतो. मुलाला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय, मुलीने व्हिडिओ बघून पायथन शिकायला सुरुवातही केलीय, पण सगळं मोबाईलवर. मोबाईलवर कोड वाचता येतो, धड लिहिता येत नाही. मग आखातात असलेल्या अब्बांना नाहीतर चाचांना फोन जातो. नवा लॅपटॉप रोखीने घ्यायचा तर परवडत नाही. हप्त्यावर घ्यायचा तर बहुतेक ठिकाणी व्याज आलंच, आणि व्याज नको म्हणणारी घरं आपल्या समाजात कमी नाहीत. उरतो तो जुना, म्हणजे सेकंड हँड कॉम्प्युटर.

जुना घेण्यात कमीपणा मुळीच नाही. ऑफिसात चार-पाच वर्षं वापरलेला चांगल्या प्रतीचा लॅपटॉप हा त्याच किमतीच्या नव्या, स्वस्तातल्या लॅपटॉपपेक्षा बऱ्याचदा सरस ठरतो. प्रश्न आहे तो पारखून घेण्याचा. मुंबईतल्या माणसाची वस्तू बिघडली तर तो संध्याकाळी लोकल पकडून दुकानात जातो. हेदवीच्या माणसाला गुहागर, मग चिपळूण आणि तिथून पुढे मुंबई. एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि परतीची रात्र धरली तर दोन हजारांनी स्वस्त मिळालेली वस्तू दोन फेऱ्यांत महाग पडते. म्हणून या लेखात आम्ही ‘सगळ्यात स्वस्त कुठला’ हे सांगणार नाही. परत न्यावा लागणार नाही असा कॉम्प्युटर कसा निवडायचा, ते बघू.

आधी काम ठरवा, मग कॉम्प्युटर

प्रोग्रॅमिंग आणि गेमिंग ही दोन्ही कामं एकाच मशीनवर होतात, पण त्यांची भूक वेगळी आहे.

पायथन, सी, जावा, वेबसाइट बनवणं, डेटाबेस शिकणं यासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. लागते ती पुरेशी रॅम, वेगवान डिस्क, बरा कीबोर्ड आणि डोळ्यांना त्रास न देणारा स्क्रीन. विद्यार्थी वापरतात ती साधनं, म्हणजे पायथन, व्हीएस कोड, गिट, सगळी फुकट मिळतात. अपवाद एक: मोबाईल ॲप बनवायला अँड्रॉइड स्टुडिओ लागतो आणि तो जड आहे. त्याला ८ जीबी रॅममध्ये कसंबसं भागतं, नीट काम करायला १६ जीबी हवी.

गेमचं उलट. तिथे सगळा भार ग्राफिक्सवर येतो. म्हणून दुकानदाराला ‘कोडिंग आणि गेमिंगसाठी दाखवा’ असं मोघम सांगू नका. मुलाला बसवून विचारा, कोणता गेम खेळायचाय? माइनक्राफ्ट, जुना जीटीए सॅन अँड्रियास असे गेम साध्या ऑफिस लॅपटॉपवरही चालतात. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर चालतो. जीटीए-५ नीट खेळायचा तर वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. अलीकडचे मोठे गेम या बजेटमध्ये बसतच नाहीत, हे आधीच कबूल केलेलं चांगलं.

गेम म्हटलं की वडीलधारे नाक मुरडतात. पण गेम खेळता खेळता कॉम्प्युटर उघडून बघणारी, रॅम बदलणारी मुलंच पुढे या क्षेत्रात रमतात, हेही आपण बघतो. अट एकच, पैसे कमी असतील तर आधी अभ्यासाची गरज भागवा. गेमसाठी लागणारं कार्ड नंतरही बसवता येतं, पण कशात बसवता येतं ते पुढे बघू.

प्रोसेसरचा नंबर वाचायला शिका

‘आय-७ आहे, घेऊन टाका’ हे वाक्य जुन्या बाजारात फार ऐकू येतं. नुसत्या आय-५, आय-७ ला काही अर्थ नाही. त्यानंतरचा आकडा बघायचा. इंटेलच्या आय-५-८२५०यू या नावात ८ म्हणजे आठवी पिढी. आकडा पाच अंकी असेल किंवा १०, ११ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी. शेवटी ‘यू’ असेल तर कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर जास्त ताकदीचा.

याने किती फरक पडतो बघा. आय-७-४६००यू हा चौथ्या पिढीचा, त्यात कोअर दोन. आय-५-७२००यू सातव्या पिढीचा, त्यातही दोनच. आणि आय-५-८२५०यू मध्ये चार. म्हणजे लॅपटॉपमधला आठव्या पिढीचा आय-५ हा चौथ्या पिढीच्या आय-७ ला सहज मागे टाकतो, तरी नावावरून आय-७ मोठा वाटतो.

आठवी पिढी हीच रेघ धरायला आणखी एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच्याच इंटेल प्रोसेसरवर चालतं आणि त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. एएमडी घेत असाल तर रायझन ५ मधल्या ३००० मालिकेपासून पुढचं बघा. विंडोज ११ न झेपणारे कितीतरी लॅपटॉप कंपन्या आता काढून टाकत आहेत. ते स्वस्त मिळतात आणि मोहात पाडतात.

असा जुना लॅपटॉप अगदीच टाकाऊ नसतो. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं तर प्रोग्रॅमिंग उत्तम शिकता येतं, आणि ते फुकट आहे. पण व्हॅलोरंटसारखे काही ऑनलाइन गेम लिनक्सवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतंच. मुलगा त्याच गेमसाठी हट्ट धरून बसला असेल तर हे त्याला घेण्याआधी सांगा, घेतल्यानंतर नाही.

रॅम आणि डिस्क: इथे कंजुषी नको

रॅम कमीत कमी ८ जीबी, जमल्यास १६. शिवाय ती वाढवता येते का ते विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती कधीच वाढत नाही. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमच्या किमती चढल्या आहेत. त्यामुळे ‘आत्ता ४ जीबीचा घेऊ, नंतर टाकू’ हा जुना हिशेब आता जुळत नाही. आत आधीच ८ किंवा १६ जीबी असलेला कॉम्प्युटर दोन हजार जास्त देऊन घेतलेला परवडतो.

डिस्क एसएसडीच हवी. फिरती हार्ड डिस्क असलेला कॉम्प्युटर चालू व्हायलाच काही मिनिटं घेतो आणि मूल वैतागतं. त्याच कॉम्प्युटरला एसएसडी लावली की तो नवा वाटायला लागतो. २५६ जीबी अभ्यासाला पुरते. मोठे गेम एकेक ५० ते १०० जीबीचे असतात, त्यासाठी ५१२ बरी.

लॅपटॉप की डेस्कटॉप?

त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, हे शहरातलं गणित बरोबर आहे. आमच्या तालुक्यात त्यात लाईटचं गणित मिळवावं लागतं. अंजनवेलला एवढा मोठा वीज प्रकल्प उभा आहे, तरी पावसाळ्यात वारा सुटला की गावात काळोख होतो. लिहिलेला कोड सेव्ह न करता लाईट गेली की डेस्कटॉपवरचं काम गेलं. म्हणून डेस्कटॉप घ्यायचा तर यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा. लॅपटॉपला बॅटरी असते, तो कॉलेजला नेता येतो, आणि उद्या हॉस्टेलला जायची वेळ आली तर सोबत जातो.

आमचं मत असं: मूल पुढच्या वर्ष-दोन वर्षांत शिकायला बाहेर जाणार असेल तर लॅपटॉप. घरीच राहणार असेल, दोन-तीन भावंडांत एकच कॉम्प्युटर असेल आणि गेमची आवडही असेल, तर डेस्कटॉप.

लॅपटॉपमध्ये ऑफिसच्या वापराचे बघा: डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक, लेनोवोचा थिंकपॅड. दिसायला काळे-करडे, पण मजबूत. यातले लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी-५ आणि थिंकपॅड टी-४८० हे बहुतेक आठव्या पिढीचे. कंपन्या ते शेकड्यांनी एकदम विकतात, त्यामुळे त्यांचे कीबोर्ड, बॅटरी, चार्जर जुन्या बाजारात मिळत राहतात. ज्याचे भाग मिळतात तोच आपल्या कामाचा.

डेस्कटॉपमध्ये डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क आणि लेनोवोचा थिंकसेंटर. इथे खोक्याचा आकार बघा. हे तीन आकारांत येतात. अगदी लहान, पुस्तकाएवढ्या खोक्यात ग्राफिक्स कार्ड बसत नाही. मधल्या, बारीक खोक्यात फक्त कमी उंचीचं कार्ड बसतं. उभ्या मोठ्या टॉवरमध्ये नेहमीचं बसतं. गेमचा विचार असेल तर टॉवरच घ्या. जीटीएक्स १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५० ही ४ जीबीची कार्डं साधारण ७५ वॅट घेतात. त्यांचे बरेच नमुने मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात, वेगळी वायर लागत नाही. यापेक्षा मोठं कार्ड घातलं की पॉवर सप्लायही बदलावा लागतो, आणि या कंपन्यांचे पॉवर सप्लाय बऱ्याचदा वेगळ्याच आकाराचे असतात.

वापरलेला गेमिंग लॅपटॉप मात्र आम्ही सुचवणार नाही. तो वर्षानुवर्षं तापलेला असतो, त्याचं ग्राफिक्स बोर्डावरच चिकटवलेलं असतं, आणि ते गेलं की दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीजवळ जातो.

सुटं जुनं कार्ड घेतानाही जपा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. शिवाय जुन्याच कार्डावर नव्याचं नाव चढवून विकण्याचा प्रकारही चालतो. जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम कार्डाचं खरं नाव सांगतो. तो चालवून दाखवायला विक्रेत्याने नकार दिला, तर तुम्हीही नकार द्या.

कुठून घ्यावा?

*मुंबईचा लॅमिंग्टन रोड:* ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जाता येतं. पर्याय भरपूर, भाव करता येतो. पण एका दिवसात जाऊन येण्याच्या घाईत घेऊ नका. मुंबईत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे एक रात्र थांबा. तेवढ्या वेळात कॉम्प्युटर चालवून बघा, काही वाटलं तर दुसऱ्या दिवशी बदलून आणता येतो.

*चिपळूण किंवा रत्नागिरी:* भाव थोडा जास्त पडेल, पण तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीने किंवा एसटीने परत जाता येतं. निदान तीन महिन्यांची दुकानाची हमी लिहून मिळत असेल तर हजार-दीड हजार जास्त द्यायला हरकत नाही. इथे एक गोष्ट तपासा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. पाणी लागलेला बोर्ड सुकवून पुन्हा चालू होतो, पण आतला गंज थांबत नाही. कोकणात कुठेही जुनी वस्तू घेताना स्क्रू, यूएसबीची भोकं आणि खालच्या जाळीत गंज किंवा पांढरी-हिरवी पावडर दिसते का ते टॉर्च लावून बघा.

*आखातातून:* चाचा सुट्टीवर येताना लॅपटॉप आणतात, ही आपल्याकडची जुनी रीत. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सामानातून एक लॅपटॉप बिनशुल्क आणता येतो. तिथल्या बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर अरबी अक्षरं असतात, कोड लिहायला त्याने अडत नाही. चार्जरची पिन वेगळी असते, पण चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त वायर बदलली की झालं. मात्र वॉरंटी भारतात चालेल असं गृहीत धरू नका.

*ऑनलाइन जाहिराती:* ‘मी फौजेत आहे, बदली झालीय, अर्ध्या किमतीत देतो, आधी थोडे पैसे पाठवा’ असं कोणी म्हणालं तर तो फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, की यूपीआय पिन टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

घेताना अर्धा-पाऊण तास द्या

दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की बघायला वेळ लागेल. सोबत कॉम्प्युटर कळणारं कोणी असेल तर उत्तम. वेळणेश्वरला इंजिनीअरिंग कॉलेज आहे, तिथे शिकणारं ओळखीतलं पोरगं नक्की सापडेल. मग या क्रमाने बघा.

१. कॉम्प्युटर पूर्ण बंद करायला लावा आणि तुमच्या हाताने चालू करा. आधीच चालू करून ठेवलेल्या मशीनमधले दोष लपतात.

२. बायोस उघडून बघा. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन सोडून द्या. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड काढणं कटकटीचं असतं.

३. दुकानातलं इंटरनेट जोडून विंडोज नव्याने रिसेट करायला सांगा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला लॉगिन मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे असं समजा.

४. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि रॅमच्या किती खाचा रिकाम्या आहेत ते दिसतं.

५. क्रिस्टल डिस्क इन्फो हा छोटा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. तो डिस्कची तब्येत सांगतो.

६. कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून बघा. कोड लिहिताना कंस, अर्धविराम, स्लॅश ही बटणं सारखी लागतात, आणि दुकानात नेमकी तीच कोणी तपासत नाही.

७. पांढरं पान उघडून स्क्रीनवरचे डाग बघा. बिजागरी, वाय-फाय, कॅमेरा, हेडफोनचं भोक, सगळे यूएसबी तपासा.

८. वीस मिनिटं व्हिडिओ किंवा गेम चालवा. आधी मशीन तापेल, मग पंखा जोरात फिरेल, इथपर्यंत ठीक. मशीन बंद पडलं किंवा स्क्रीनवर रेघा आल्या तर उठा.

९. चार्जर काढून ठेवा आणि बॅटरी किती वेगाने उतरते ते बघा. जुनी बॅटरी थकलेली असणारच, पण वीस मिनिटांत निम्मी होत असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

१०. बिल घ्या, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ‘बिल नाही, म्हणून स्वस्त’ हा सौदा नाकारा.

हे विक्रेत्यांनाही लागू आहे. आपला जुना लॅपटॉप कोणाला विकताना त्यातला ऐब आधी सांगणं, ही आपल्याकडे लहानपणापासून मिळणारी शिकवण आहे. बॅटरी गेलीय, एक यूएसबी चालत नाही, हे सांगितलं तर शंभर-दोनशे कमी मिळतील, पण घेणाऱ्याची हेदवी-चिपळूण फेरी वाचेल.

घरी आणल्यावर

समुद्राची खारी, दमट हवा ही कॉम्प्युटरची मोठी शत्रू. समुद्राकडच्या खिडकीत तो ठेवू नका. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवा, आतल्या उबेने ओल जाते. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. पाऊस संपला की वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

घरात अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर अर्थिंगचीच शंका घ्या. विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

फुकट ‘क्रॅक’ केलेले गेम टाकू नका. त्यांच्यासोबत व्हायरस येतात, आणि ज्या कॉम्प्युटरवरून अब्बांनी पाठवलेल्या पैशांचं बँक खातं उघडलं जातं त्यावर हा धोका घेण्यात शहाणपण नाही. फुकट आणि अधिकृत गेम पुष्कळ आहेत.

शेवटी, घरात कॉम्प्युटर एक आणि मुलं दोन-तीन असतील तर प्रत्येकाचा लॉगिन वेगळा करा आणि वेळ वाटून द्या. नाहीतर भावाचा गेम संपेपर्यंत बहिणीचा अभ्यास थांबतो, आणि कॉम्प्युटर कोणासाठी घेतला होता तेच घर विसरून जातं.

वीस हजार हातात असतील तर

सगळे वीस हजार मशीनवर घालू नका. पंधरा-सोळा हजारांत आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला ऑफिस लॅपटॉप किंवा टॉवर शोधा. उरलेले बॅटरी, यूपीएस किंवा रॅम वाढवण्यासाठी ठेवा. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी, मुलाने किंवा मुलीने एखादा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून दाखवल्यावर. तोपर्यंत माइनक्राफ्ट चालतोच की.